जुन्या गाडीला अनलेडेड पेट्रोल: हेड उतरवण्याआधी फीलर गेज लावा

अँबेसेडरच्या टॅपेटचा टकटक आवाज कमी झाला की आपल्याला बरं वाटतं. इंजिन शांत झालं, मिस्त्रीचा हात चांगला लागला, असंच मनात येतं. माझंही तसंच झालं होतं. बाबांची १९७६ सालची मार्क थ्री घेऊन मी तीन महिन्यांत सातारा-मुंबईचे चार-पाच फेरे मारले आणि गाडी आधीपेक्षा मऊ वाजायला लागली. मग एका सकाळी ती चालू व्हायला कुरकुर करू लागली. आयडलिंगला उभी असताना एक सिलिंडर ठेका चुकवत होता. व्हॉल्व्ह कव्हर काढून फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, घातला, तर पाच नंबरच्या टॅपेटमध्ये पंधरा थाऊची पट्टी शिरेना. बारा शिरेना, दहा शिरेना. सहा थाऊची पट्टी कशीबशी आत गेली.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फट हवी पंधरा, निघाली सहा. नऊ थाऊचा फरक म्हणजे पाव मिलिमीटरला थोडा कमी. तेवढा तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला धूर बाहेर सोडणारी झडप, हेडमध्ये (सिलिंडरवरच्या इंजिनाच्या भागात) रुतला होता. व्हॉल्व्ह वर सरकला, म्हणून त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट (टॅपेटची फट ती हीच) मिटली आणि म्हणूनच आवाज बंद झाला. ज्या गॅरेजात गाडी दाखवली तिथे टॅपेट पुन्हा पंधरावर आणून दिले, "झालं काम" म्हणून सांगितलं, आणि फट का मिटली हे कुणी विचारलंच नाही. पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा तेच.

जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये अनलेडेडची, म्हणजे शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्ह असे रुततील याची, भीती दोन टोकांची असते. कुणी गाडी घेतल्या घेतल्या हेड उतरवून हजारो रुपये घालतो, कुणी "पंचवीस वर्षं चालतेच आहे की" म्हणून व्हॉल्व्ह जळेपर्यंत बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की शे-दोनशे रुपयांचा फीलर गेज आणि एक वही घ्या. हेड उघडायचं की नाही ते तुमचं इंजिनच सांगेल. आणि आज पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात शिसं नाही याच्याइतकीच, किंबहुना जास्त, काळजी त्यात इथेनॉल आहे याची करायला हवी. या लेखात दोन्हींचा क्रम लावून दिला आहे.

शिसं नेमकं काय करत होतं

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना असं आढळलं, की टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग अगदी थोडं जरी पेट्रोलमध्ये घातलं तरी इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून होणारा खडखडाट, थांबतं. १९२३ पासून ते पेट्रोल विकायला आलं. ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची ताकद, वाढवणं हे त्याचं मुख्य काम. पण त्याच्याबरोबर एक दुसरं काम आपसूक होत गेलं. जळल्यावर शिशाच्या संयुगांचा अतिशय पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (बंद असताना तो ज्या गोल कडेवर टेकतो ती) यांच्यामध्ये बसायचा. हा थर गादीसारखा असायचा.

गादी नसेल तर काय होतं? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालबुंद होईपर्यंत तापतो आणि मिनिटाला हजार-दीड हजार वेळा सीटवर आपटतो. सीट साध्या बीडाचं असेल तर दोन धातू आपटताना सुईच्या टोकाएवढ्या जागी एकमेकांना चिकटतात आणि पुढच्याच क्षणी ओढून वेगळे होतात. सीटचे कण व्हॉल्व्हच्या तोंडावर लागतात, त्यांचा गंज होतो, आणि तेच कण सीटला पॉलिशपेपरसारखे घासत राहतात. व्हॉल्व्ह आत आत जातो. टॅपेटची फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, पेटलेला वायू फटीतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. बंद असताना सीटला टेकूनच व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता हेडला देत असतो, तो मार्गही तुटतो. म्हणून शेवटचा टप्पा फार वेगाने येतो.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी अनलेडेड मिळायला लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर लेडेड पेट्रोल बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये थांबलं. ते थांबलं हे उत्तमच झालं. शिसं हे विष आहे, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला. आपल्या जुन्या गाडीवर प्रेम असावं, पण त्या पेट्रोलसाठी हळहळू नये. विमानाचं शिसेवालं पेट्रोल कुठून तरी मिळवून टाकीत ओतणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. ते करू नका. कायद्याने चुकीचं आहेच, आणि जो धूर तुमच्या अंगणात सुटतो तो तुमच्याच घरातली पोरं घेतात.

पायरी पहिली: चुंबक लावा

फ्रिजवरचं चुंबक घ्या आणि सिलिंडर हेडच्या मोकळ्या, स्वच्छ भागाला लावा. चिकटलं तर हेड बीडाचं, नाही चिकटलं तर अॅल्युमिनियमचं. यातच निम्मा प्रश्न सुटतो.

अॅल्युमिनियम इतकं मऊ असतं की त्यात सीट थेट कापता येत नाही. कारखान्यातच कठीण धातूची वेगळी कडी बसवावी लागते, तिला इन्सर्ट म्हणतात. त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन असलेली, या बाबतीत बरीच निश्चिंत आहे. तिचं हेड अॅल्युमिनियमचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आयुष्याची शेवटची वर्षं सीएनजीवर धावल्या. त्यातही शिसं नसतं, आणि तो वायू पेट्रोलपेक्षाही कोरडा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपेपर्यंत होती. मारुती ८०० वाल्यांनी तर या विषयात पडूच नये.

अँबेसेडरची गोष्ट वेगळी. १४८९ सीसीचं जे इंजिन उत्तरपाड्याच्या कारखान्यात अनेक दशकं बनत राहिलं ते मुळात ब्रिटिश बीएमसीचं बी-सिरीज. ब्लॉक बीडाचा, हेड बीडाचं, सीटं त्याच बीडात कापलेली. कॉन्टेसाच्या सुरुवातीच्या दीड लिटरवाल्या गाड्यांत हेच इंजिन होतं. मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डचं हेडही बीडाचं. जुन्या जीपच्या एफ-हेड इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, तिथे चुंबकाचा उपयोग नाही. ते इंजिन आधी उघडलेल्या मिस्त्रीलाच विचारावं लागेल. राजदूत, जावा, येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांना असे व्हॉल्व्हच नाहीत. त्यांनी थेट इथेनॉलच्या भागाकडे जावं.

पायरी दुसरी: गाडीचा इतिहास काढा

२००० नंतर गाडी किती चालली आणि हेडचं काम झालं का, हे दोन प्रश्न. जुन्या बिलांचा गठ्ठा असेल तर त्यात "सीट इन्सर्ट", "सीट कटिंग", "एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे" असे शब्द शोधा. टॅक्सी म्हणून किंवा सरकारी खात्यात फिरलेल्या बऱ्याच अँबेसेडरचं हेड कधी ना कधी लेथवाल्याकडे जाऊन आलेलं असतं आणि इन्सर्ट आधीच बसलेले असतात. मालकाला पत्ताही नसतो.

१९९५-९६ ला शेडमध्ये उभी राहिली ती आत्ता बाहेर काढली, अशी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या लेडेडचा थर सीटवर शिल्लक असतो आणि सुरुवातीचे काही हजार किलोमीटर तो सांभाळून घेतो. त्यामुळे पहिल्या वर्षी टॅपेट हललेच नाहीत म्हणून बेफिकीर होऊ नका. थर संपल्यावर झीज सुरू होते.

पायरी तिसरी: टॅपेटची वही

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, म्हणून सावकाश सांगतो.

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनावर मोजा. मॅन्युअलमध्ये फट गरम इंजिनाची दिलेली असेल तर सेटिंग तसंच करा, पण वहीतली नोंद कायम गार इंजिनाचीच ठेवा. एकदा गार, एकदा गरम मोजलं तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

चारही प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढे ढकललीत तरी चालतं. व्हॉल्व्ह कव्हर काढा. रेडिएटरकडून मागे मोजत गेलं की व्हॉल्व्ह एक ते आठ. अँबेसेडरच्या १४८९ इंजिनात एक, चार, पाच आणि आठ हे एक्झॉस्ट. दोन, तीन, सहा, सात हे इनलेट. चार आणि पाच शेजारी-शेजारी आहेत आणि एकाच वाटेने धूर बाहेर टाकतात. हेडचा सगळ्यात तापणारा भाग हाच, म्हणून रुतणं बहुधा इथून सुरू होतं. माझा पाच नंबर होता ते उगाच नव्हे.

मोजण्यासाठी नऊचा नियम वापरा. जो व्हॉल्व्ह मोजायचा त्याचा नंबर नऊमधून वजा करा. जो नंबर येईल तो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला हवा. आठ पूर्ण दाबलेला असताना एक मोजा, चार दाबलेला असताना पाच, पाच दाबलेला असताना चार, एक दाबलेला असताना आठ. इनलेटही याच हिशेबाने.

पट्टी आत-बाहेर करताना किंचित ओढ जाणवली पाहिजे, ओल्या कागदातून बोट फिरवल्यासारखी. सैल फिरत असेल तर एक थाऊ जाड पट्टी घ्या. रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असेल तर चपटी पट्टी त्या खड्ड्यावरून जाते आणि फट खरीपेक्षा कमी दाखवते. जुन्या रॉकरांवर हे हमखास दिसतं, म्हणून एकदा बोट फिरवून पाहा.

वहीत तारीख, किलोमीटर आणि आठही आकडे लिहा. मगच सेट करा, आणि सेट केलेले आकडेही लिहा. आधी मोजून मग सेट करायचं, हा क्रम गॅरेजात कुणी पाळत नाही, म्हणूनच रोग लपतो. मिस्त्रीकडे काम देणार असाल तर त्याला नम्रपणे सांगा, "दादा, आधी आकडे लिहून द्या, मग पाना लावा."

पुढचं माप हजार किलोमीटरवर, मग दर दीड-दोन हजारावर. आता वाचन. साध्या झिजेने टॅपेटची फट वाढते: रॉकर झिजतो, पुशरॉडचं टोक झिजतं. फट कमी होते ती मुख्यतः व्हॉल्व्ह रुतल्यामुळे. इनलेटचे चार आकडे जागच्या जागी आणि एक्झॉस्टचे कमी होताहेत, असं चित्र दोन मापांत लागोपाठ दिसलं तर शंका नको. दीड-दोन हजार किलोमीटरला एखादा थाऊ हलला तर मी नुसता लक्ष ठेवतो. दोन-तीन थाऊ हलत असतील, तेही प्रत्येक वेळी, तर हेडचं काम ठरलेलं आहे, फक्त केव्हा एवढाच प्रश्न.

जोडीला कंप्रेशन टेस्ट करून ठेवा. प्लग काढलेलेच आहेत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचं माप घ्या. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घ्या. माप वर आलं तर दोष रिंगांचा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्हचा.

पायरी चौथी: टायमिंग आणि मिश्रण

अनलेडेड म्हणजे कमी ऑक्टेन, हा समज आपल्याकडे उगाच पसरला आहे. आपल्या पंपांवर पूर्वी ८७ चं पेट्रोल मिळायचं, आज साधं पेट्रोलही ९१ च्या खाली नसतं आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तर ९५ चं मानक आहे. अँबेसेडर-पद्मिनीसारख्या कमी कंप्रेशनच्या इंजिनांना ते पुरून उरतं. प्रीमियम पेट्रोलने सीटचं रक्षण होत नाही. ऑक्टेन वेगळं, सीटवरची गादी वेगळी.

पण एक जुनी खोड तपासा. हलक्या पेट्रोलच्या दिवसांत नॉकिंग होऊ नये म्हणून मिस्त्री टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दोन-चार डिग्री मागे ओढून ठेवायचे. तुमच्या गाडीचं ते तसंच राहिलेलं असू शकतं. मागे ओढलेल्या टायमिंगला पेट्रोल उशिरा जळतं आणि आग एक्झॉस्ट व्हॉल्व्हपर्यंत पोचते. टायमिंग लाइट लावून मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. मग चढावर टॉप गिअरमध्ये, ताशी चाळीसला, पाय पूर्ण दाबून कान द्या. खडे हलवल्यासारखा आवाज आला तरच दोन डिग्री मागे घ्या.

मिश्रण पातळ असलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणखी तापतो. इथे इथेनॉलचा मुद्दा येऊन मिळतो, तो पुढे.

पायरी पाचवी: गाडी कशी हाकायची

व्हॉल्व्ह रुतण्याचा वेग इंजिनाच्या फेऱ्या आणि भार यांवर ठरतो. रविवारी सकाळी गावात चक्कर, लग्नाची वरात, ताशी पन्नास-साठने वाईपर्यंत जाऊन येणं, अशा वापरात बीडाचं साधं सीटही वर्षानुवर्षं टिकतं. घात होतो तो सपाट हमरस्त्यावर तासन् तास ताशी नव्वद धरून ठेवल्याने. माझे मुंबईचे फेरे नेमके तसेच होते. घाट चढताना टॉप गिअर ओढत राहण्यापेक्षा खालच्या गिअरवर या आणि पाय हलका ठेवा. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, दोन मिनिटं आयडलिंगला राहू द्या.

ज्यांचा वापर वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर आहे आणि वही शांत आहे, त्यांनी इथेच थांबून थेट इथेनॉलकडे जावं. खर्च करायचं काही कारण नाही.

पायरी सहावी: अॅडिटिव्ह

लेड सब्स्टिट्यूट म्हणून ज्या बाटल्या मिळतात त्यांत सोडियम, पोटॅशियम, मँगनीज किंवा फॉस्फरस यांपैकी एकाचं संयुग असतं. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघाने १९९९ मध्ये अशा उत्पादनांच्या चाचण्या घडवून आणल्या आणि त्यांतली काही खरोखर चालतात असं दिसलं. तेव्हा ही निव्वळ भोंदूगिरी नाही. पण तीन पथ्यं पाळा. प्रमाण सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतू नका. आधी बाटली, मग पेट्रोल, म्हणजे टाकीत नीट मिसळतं. आणि एका प्रकारची बाटली सुरू असताना दुसऱ्या घटकाची घेऊ नका, त्यांचे थर एकमेकांशी जमत नाहीत.

अॅडिटिव्हने झीज मंदावते, रुतलेला व्हॉल्व्ह वर येत नाही. लांबच्या प्रवासापुरतं वापरायला ते ठीक आहे. दर टाकीला वर्षानुवर्षं घालत राहणार असाल तर त्या पैशांत हेड होतं, हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा.

टाकीत थोडं टू-टी ऑइल घालण्याचा जुन्या ड्रायव्हरांचा तोडगाही ऐकायला मिळतो. त्याने सीटला काही होत नाही. प्लग मात्र काळे पडतात.

पायरी सातवी: हेडचं काम

वहीने कौल दिला तर हे करावंच लागतं. एकदा नीट झालं की शिशाचा विषय तुमच्यापुरता कायमचा मिटतो. लेथवाल्याकडे हेड टाकून निघून येऊ नका, पुढच्या गोष्टी बोलून घ्या.

सगळ्यात आधी हेड धुऊन प्रेशर टेस्ट आणि क्रॅक तपासणी. चार आणि पाचच्या मधल्या पातळ भागाला चीर असेल तर इन्सर्टचा खर्च पाण्यात जातो. मग इन्सर्ट फक्त चार एक्झॉस्टना. इनलेट थंड हवा-पेट्रोलात न्हाऊन निघतात, ते रुतत नाहीत. इन्सर्टची जागा कापताना खालच्या पाण्याच्या पोकळीत हत्यार शिरू नये, यासाठी हे हेड आधी केलेला माणूसच हवा. इन्सर्ट अनलेडेडसाठीचा, कठीण धातूचा आहे ना ते विचारा. तो घट्ट बसवला जातो: कडी थंड करून आकसवायची आणि हेड गरम असताना ठोकायची. सैल बसलेला इन्सर्ट चालत्या इंजिनात निघाला तर पिस्टनही जातो.

जुने गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यांत सरकते त्या नळ्या) ढिले असतील तर नवी सीट फार दिवस गोल राहत नाही, म्हणून गाइड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच वेळी नवे. व्हॉल्व्ह कठीण तोंडाचे मिळाले तर उत्तम. शेवटी सीट कापून झाल्यावर व्हॉल्व्हला निळा रंग लावून ठसा पाहा. सीटवर साधारण दीड-दोन मिलिमीटर रुंदीचा, कुठेही न तुटलेला गोल उमटला पाहिजे. मी लेथवाल्याच्या बाकड्यावर वाकून चारही ठसे पाहिले होते. तिसऱ्याला एका बाजूला नखाएवढी जागा कोरी होती, त्याने काही न बोलता पुन्हा कटर लावला. हे पाहायला मागण्यात संकोच करू नका, चांगल्या कारागिराला ते आवडतं.

हेड बसवताना नवी गॅस्केट, टॉर्क रेंच आणि मॅन्युअलमधला क्रम. पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा, आणि वही नव्याने सुरू करा.

आता इथेनॉल

हा भाग महाराष्ट्राच्या जवळचा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ मध्ये झाले, ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के, फेब्रुवारी २०२३ पासून काही पंपांवर वीस टक्के, आणि आता जवळपास सगळीकडे तेच. उसाच्या मळीतून, रसातून आणि धान्यातून ते येतं, आपल्याच शेतातून. पण आपली गाडी ज्या काळात बनली त्या काळी रबर, कॉर्क, टाकीचा मुलामा यांतलं काहीच त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं.

पहिलं काम नळ्यांचं, आणि ते आजच करा. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत जिथे जिथे रबरी नळी आहे तिथे ती वाकवून, दाबून पाहा. माझ्या गाडीतली पंपाकडची बोटभर नळी वरून धड दिसत होती. काढून मधोमध चिरली, तर आतला थर गुळाच्या पाकासारखा मऊ झालेला आणि बोटाला काळा लागणारा. पेट्रोलची गळती गरम एक्झॉस्टच्या वर होते, म्हणून हे केवळ पिकअपचं दुखणं नाही, आगीचं कारण आहे. दुकानात नुसती "पेट्रोल पाइप" मागू नका. एसएई जे-३० आर-९ दर्जाची, इंजेक्शनच्या गाड्यांना चालणारी नळी मागा. तो शिक्का नळीवर छापलेला असतो. गाडीत एक छोटा अग्निशामक ठेवाच.

मग पंप. इंजिनावर बसवलेल्या एसी मेकच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल चेंबरमध्ये, इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो का, तेलाची पातळी आपोआप वाढते का, हे अधूनमधून पाहा. पंपाला इथेनॉलला टिकणाऱ्या डायफ्रॅमचा किट घ्या, कार्बोरेटरचा निडल व्हॉल्व्हही तसाच.

टाकीत वर्षानुवर्षं साचलेला राळेसारखा थर इथेनॉल सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. म्हणून पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दोन-तीन वेळा बदलायची तयारी ठेवा. कुणी कधी टाकीला आतून सीलर लावला असेल तर तो जुना सीलर पापुद्र्यांनी सुटू शकतो. टाकी उतरवून, धुऊन, आत टॉर्चने पाहून घ्या. आणि टाकीला वेल्डिंग घरी किंवा ओळखीच्या कुणाकडे घाईत करून घेऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच स्फोट करते.

आता जेट. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो. मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ होतं. सोलेक्स कार्बोरेटर असेल तर मेन जेटवरचा (पेट्रोल ज्या छिद्रातून येतं त्या तुकड्यावरचा) आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० च्या जागी १२५ लावला की छिद्राचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. जेट तारेने किंवा ड्रिलने मोठा करू नका, नवाच घ्या. एसयू कार्बोरेटर असेल तर गाडी गरम करून खालचा जेटचा नट एका वेळी एक पैलू खाली फिरवा. मग कार्बोरेटरच्याच पिस्टनची पिन किंचित उचला. इंजिन बंद पडायला लागलं तर अजून पातळ, वेग वाढून वाढलेलाच राहिला तर जाड, क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर.

शेवटची साक्ष प्लगची. पंधरा-वीस किलोमीटर चांगली चालवून, आयडलिंगला न रेंगाळता इंजिन बंद करा आणि प्लग काढा. पोर्सेलीन फिक्या बिस्किटी रंगाचं हवं. खडूसारखं पांढरं असेल तर पुन्हा जेटकडे. मायलेज थोडं कमी होईलच, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये खरंच किती इथेनॉल आहे हे घरी पाहता येतं. खुणा असलेली शंभर मिलिलिटरची काचेची नळी घ्या. दहापर्यंत पाणी, वर शंभरपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवा, उभी ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर दहावरून अठ्ठावीसच्या आसपास गेला तर नव्वदमध्ये अठरा, म्हणजे वीस टक्के. हे उघड्यावर करा, जवळपास विडी-काडी नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

उन्हाळा आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, तेव्हा बहुधा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपापासून कार्बोरेटरकडे जाणारी नळी मॅनिफोल्डपासून लांबून न्या, पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये पत्र्याची आडोशाची ढाल बसवा. अडकलातच तर पंपावर ओलं फडकं टाकून थांबा.

पावसाळ्यात उलट दुखणं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि ते फार झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंप नेमका तिथूनच ओढतो. कोकणात समुद्राजवळ ठेवलेल्या गाड्यांना याचा त्रास लवकर होतो. जूनच्या आधी ठरवा: गाडी चालवायची असेल तर टाकी भरलेली ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत फिरवा. नुसतं उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू करून बंद करण्याने तेलात पाणीच वाढतं. गाडी दिवाळीपर्यंत उभीच राहणार असेल तर टाकी रिकामी करा, आणि इंजिन चालवून कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं पेट्रोलही संपवा.

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा काढताना ज्यांच्या टाकीला ड्रेन प्लग आहे त्यांनी आधी अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरावं. तळाशी वेगळी रेघ दिसली तर सगळं काढून टाका. मग नळ्यांवरून एकदा हात फिरवा, ताजं पेट्रोल घाला, चालू करा, आणि इंजिन रात्रभर गार झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बसा.